फोनवर बसणारा स्वयंसेवक नेमकं काय करतो

जीव द्यायचा विचार करणाऱ्या माणसाशी डॉक्टर नसलेल्यांनी बोलणं धोक्याचं, असं काही जण म्हणतात. निदान आणि औषधांपुरतं अगदी मान्य. ते आम्ही करतच नाही, गरज दिसली की गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी मानसोपचार इस्पितळाचा रस्ता दाखवतो. पण मी तीन वर्षं म्हापशात हेल्पलाइनवर बसतेय. आम्हाला आधी शिकवतात ते हे, की 'जीव द्यायचा विचार येतोय का?' असं सरळ विचारायचं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट कोंडलेलं माणूस बोलू लागतं.

एका फोनवर बराच वेळ नुसती कुकरची शिटी ऐकू येत होती. 'हांव हांगाच आसां' (मी इथेच आहे) एवढंच मी कोंकणीत अधूनमधून म्हणत राहिले. मग ती बाई बोलली, आणि पहिला प्रश्न काय, तर पोलीस येतील का? ही भीती फार खोल आहे हो! 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 115 सांगतं, की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरायचं, तिला शिक्षा करायची नाही, आणि तिची काळजी, उपचार, पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी. हे घरोघरी पोचायला हवं. रात्री-अपरात्री कुणी हाताशी नसेल तर 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक आहे, मोफत.