गॉलवेच्या पबमध्ये अर्धवेळ काम : मद्य न घेणाऱ्याला जमेल का?

कृष्णाकाठ (प्रश्न)
मी आयर्लंडमधील गॉलवे येथे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. माझ्याकडे स्टॅम्प २ (विद्यार्थ्यांचा निवास परवाना) असून, शहरातील एका पबने शनिवार-रविवारच्या कामासाठी विचारले आहे. मी सांगलीकडचा, घरात कोणी मद्य घेत नाही आणि मीही घेत नाही. ग्राहकाने एखाद्या बिअरबद्दल मत विचारले तर काय सांगावे? पगार आणि तासांबाबत काय पाहून घ्यावे? घरी काय सांगायचे, तो प्रश्न मी माझ्यापुरता ठेवतो.

लिफीकाठचा
पीत नसल्याने काही अडत नाही. आयर्लंडमध्ये न पिणाऱ्यांचीही जुनी परंपरा आहे. १८९८ मध्ये डब्लिनला स्थापन झालेल्या पायोनिअर संघटनेचे सदस्य आजन्म मद्यत्यागाची शपथ घेऊन कोटावर छोटी पिन लावत असत. त्यामुळे "मी घेत नाही, पण ही बरीच खपते" एवढे उत्तर पुरते. नवख्याला सुरुवातीला बहुधा रिकामे ग्लास गोळा करण्याचे आणि टेबले पुसण्याचेच काम मिळते.

खरे कसब गिनेस ही काळी आयरिश बिअर भरण्यात आहे. ग्लास ४५ अंशांत तिरका धरून पाऊण भरायचा आणि तसाच ठेवून द्यायचा. नायट्रोजनचे बारीक बुडबुडे कडेने खाली उतरताना दिसतात. गढूळपणा सरून खाली काळे पेय आणि वर साईसारखा फेस वेगळा झाला, की नळाचा दांडा उलट दिशेला ढकलून उरलेला ग्लास भरायचा. कंपनी या सगळ्याला ११९.५ सेकंद सांगते. मंडळी राउंडने पितात, म्हणजे एकजण सगळ्या टोळक्यासाठी मागवतो. अशा वेळी ऑर्डर कोणत्याही क्रमाने आली तरी आधी गिनेस भरायला घ्यावी आणि ती निवळेपर्यंत बाकीचे उरकावे. हा क्रम चुकला, की काउंटरवर रांग तुंबलीच म्हणून समजा.

हिशेबी
तासांबाबत सांगतो. सत्र चालू असताना आठवड्याला २० तास आणि जून ते सप्टेंबर, तसेच १५ डिसेंबर ते १५ जानेवारी या काळात ४० तास, अशी मर्यादा आहे. दोन ठिकाणी काम केले तरी ती एकत्रच मोजली जाते. २० वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी किमान वेतन जानेवारी २०२६ पासून ताशी १४.१५ युरो आहे. कार्डाने मिळालेली टिप कर्मचाऱ्यांत न्याय्य रीतीने वाटणे डिसेंबर २०२२ पासून मालकांना बंधनकारक आहे, आणि तिच्यातून मूळ पगार भागवता येत नाही. पीपीएस क्रमांक (कर आणि सरकारी सेवांसाठीचा वैयक्तिक क्रमांक) मिळताच महसूल खात्याकडे नोकरीची नोंद करावी, नाहीतर आणीबाणीचा जादा कर कापला जातो. पगार पावतीशिवाय रोखीने देऊ, असे कोणी म्हणाले तर सरळ दुसरे काम शोधावे.

साल्टहिलकर
शनिवारी रात्री साडेबाराला विक्री थांबते, पुढचा अर्धा तास ग्राहकांना पेय संपवण्यासाठी असतो आणि साफसफाई त्यानंतर. म्हणून घर चालत जाण्याच्या अंतरावर आहे का, ते आधी पाहा. कोपऱ्यात पारंपरिक संगीताची बैठक असेल तर वादकांच्या खुर्च्यांवर गिऱ्हाइकांना बसवू नये, हे तुम्हाला कोणी मुद्दाम सांगणार नाही. जुलैअखेर घोड्यांच्या शर्यती असतात. त्या आठवड्यात तुम्हाला ४० तासांची मुभा असेल, सुट्टी मात्र मागू नका.