खोल पाण्यासाठी लुअर कोणता? हिडकलला अकरा गेले, मासा एकच – मदत हवी

उद्यमबाग_ते_हिडकल · ६ ऑक्टोबर

मंडळी, राम राम.

दोन वर्षं इथं नुसतं वाचत बसलोय. आज लिहायची वेळ आली, कारण गेल्या पाच रविवारांत अकरा लुअर (माशाला फसवायची नकली आमिषं) हिडकल धरणाला वाहिले आणि बदल्यात मिळाली एक वीतभर चिलापी. तीसुद्धा खायला आली नव्हती, पोटाला गळ अडकून ओढत आली.

मी बेळगावचा, उद्यमबागेत फौंड्रीत कामाला. गळ टाकायची सवय लहानपणापासूनची, पण ती मार्कंडेयच्या काठावर बांबू, नायलॉनचा दोरा आणि गांडूळ एवढीच. गेल्या वर्षी पाय मोडून घरी पडलो होतो तेव्हा अमेरिकेतले बासचे व्हिडिओ बघायचं वेड लागलं. लार्जमाउथ बास. उन्हाळ्यात हा मासा काठ सोडून वीस-पंचवीस फुटांवर, बुडालेल्या टेकाडाच्या कडेला थव्यानं उभा राहतो. ती माणसं बोटीतून त्याला फिशफाइंडरच्या पडद्यावर बघतात आणि बरोबर तोंडापुढं लुअर सोडतात. बघूनच हात शिवशिवायला लागले. दिवाळीचा बोनस सगळा रॉड-रीलमध्ये गेला. (घरी निम्मीच किंमत सांगितली आहे. ओळखीचं कुणी वाचत असेल तर मेहरबानी करा.)

जागा: यमकनमर्डीवरून आत, हुन्नूरच्या बाजूचं बॅकवॉटर. धरण सध्या काठोकाठ. बोट नाही, फिशफाइंडर नाही, काठावरूनच. सात फुटी रॉड, बारीक ब्रेड (विणलेला दोरा).

लांब जिभेचा क्रँकबेट (ओढला की जिभेमुळं खाली घुसणारा नकली मासा) घेतला, खोक्यावर २० फूट लिहिलेला. चारपैकी चार गेले. रीलचे दहा-बारा फेरे झाले की अडकलाच. २१ ग्रॅमचा फुटबॉल जिग (शिशाच्या डोक्याचा गळ) तळावरून खडखडत येतो ते मस्त वाटतं, मग एकदम गच्च. कॅरोलिना रिग (शिसं पुढं, आमिष दोऱ्यानं मागं) बांधायला वीस मिनिटं, गमवायला वीस सेकंद. २८ ग्रॅमचा धातूचा स्पून लांब जातो, खाली जातो आणि खालीच राहतो. ड्रॉपशॉट काठावरून कसा वापरतात तेच कळलं नाही.

तर खोल पाण्यात नेमका कुठला लुअर घ्यावा? आणि तळ न दिसता माणसं खोली ओळखतात कशी?

निपाणीचा_मामा · ६ ऑक्टोबर

पैलं एक सांगा, धरायचाय कुठला मासा? बास धरायचा असंल तर इमानाचं तिकीट काढा. हिडकलात बास न्हाई.

कटला वरवरचं बारीक खाणं गाळून खातोय, त्येच्या म्होरं रबराचा मासा नाचवून काय उपेग? रोहू, मिरगल ही पिठाच्या गोळ्याची गिऱ्हाइकं. लुअरवर येणार शिकारी मासा, म्हंजे मरळ न्हाईतर शिवडा. त्यात मरळ खोलात बसत न्हाई. तिला वर येऊन तोंडानं हवा घ्यावी लागती, न्हाईतर पाण्यातच गुदमरती. ती गुडघाभर पाण्यात, गवतात, पाणकणसात. तिला रबरी बेडूक, तोबी वरनं. म्हंजे तुमचं वीस फुटांचं सामान मरळीच्या डोक्याखालनं जाणार बघा.

ऱ्हायला शिवडा. कन्नडात बाळे मीनु म्हणत्यात तोच. त्यो बसतोय खाली.

घटप्रभा_काठ · ७ ऑक्टोबर

मामांनी माशाचं सांगितलं, मी लुअर का जातात ते सांगतो. तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे: "दहा-बारा फेरे झाले की अडकतो."

बोटीतला माणूस खोल पाण्यात थांबून उथळाकडे फेकतो, किंवा कडेला समांतर. त्याचा क्रँकबेट खाली जातो तसा तळही खाली जातो. तुम्ही उलट करताय. काठावर उभं राहून खोलात फेकताय आणि चढाकडे ओढताय. लुअर जिभेमुळे खाली घुसतोय, तळ वर येतोय, दोघांची गाठ पडणारच. त्यात ब्रेड बारीक, पाण्याचा अडथळा कमी, म्हणून तो जाड नायलॉनपेक्षा आणखी खोल जातो. खोक्यावरचे २० फूट लांब फेक आणि बराच वेळ सलग ओढ असेल तेव्हाचे असतात, तेही ओढीच्या मधल्या टप्प्यात. शेवटी तो वर येतोच.

काठावरून क्रँकबेट वापरायचाच तर पाण्यात घुसलेलं जमिनीचं टोक शोधा, त्यावर उभं राहून काठाला समांतर फेका. खरं तर तो पेटीतच ठेवा. काठावरून बुडणारे लुअर बरे, कारण खोली तुमच्या हातात राहते. लुअर पडला की दोरा ताणात ठेवून मनात आकडे मोजा. दोरा सैल पडला की तळ. समजा अठरावर तळ लागला, तर पुढच्या फेकीला चौदावर ओढायला सुरुवात करा. तळाच्या जरा वरून जाईल, बाभळीच्या खोडात बसणार नाही. बासवालेही हेच करतात, व्हिडिओत मोजणं कापलेलं असतं.

अजून एक. सगळ्यात खोल म्हणजे सगळ्यात चांगलं, असं नाही. ऑक्टोबरच्या उकाड्यात वरचं पाणी गरम आणि हलकं, खालचं गार आणि जड, दोन्ही मिसळत नाहीत. खालच्या थराला हवा लागत नाही, तळाचा कुजणारा पाला तिथला प्राणवायू संपवतो. तिथं मासा उभाच राहत नाही. अमेरिकेतही बास त्या सीमेच्या वरच असतो. ५१ टीएमसीचं धरण आहे म्हणून पाताळात गळ सोडायची गरज नाही.

उद्यमबाग_ते_हिडकल · ७ ऑक्टोबर

चढाकडे ओढतोय! पाच रविवार हे डोक्यात आलं नाही. कपाळावर हात मारून घेतला.

मामा, शिवड्याचं जरा सविस्तर सांगा की. आणि ड्रॉपशॉट?

घटप्रभा_काठ · ७ ऑक्टोबर

ड्रॉपशॉट विसरा. शिसं खाली, गळ त्याच्या वर फूट-दीड फूट, आणि दोरा सरळ उभा. बोटीखाली उभ्या असलेल्या सुस्त माशासाठी आहे तो. काठावरून दोरा तिरका येतो, मग लुअर शिशाच्या वर न राहता तळालाच लोळतो.

निपाणीचा_मामा · ८ ऑक्टोबर

शिवडा म्हंजे नुसतं तोंड. वरच्या ओठाला दोन लांब मिशा, अंगावर खवला न्हाई, दात बारीक पण करवतीगत. उघड्या हातानं जबड्यात बोट घालू नका, एकदा घातलंय म्हणून सांगतोय. दोऱ्याच्या टोकाला जाड नायलॉनचा दोन-तीन फुटांचा लीडर पायजेच.

दिवसा बीळ, दरड, जुन्या नदीच्या काठाची कपार. तिन्हीसांजेला बाहेर पडतोय. म्हणून दुपारी बाराला तुम्ही तिथं उभं ऱ्हाऊन नुसतं उन्हात करपणार. लुअर म्हणाल तर थरथरणारा बुडता मासा, व्हायब म्हणत्यात त्यो, न्हाईतर वल्ह्यागत शेपटीचा रबरी मासा १५-२० ग्रॅमच्या जिगवर. हळू. अजून हळू. त्याला घाई न्हाई, तुमाला हाय.

आणि जाळीवाल्यांना आधी इचारा. परवाना काढून पोट भरणारी माणसं हायत ती. त्यांच्या जाळ्यात तुमचा तीनधारी गळ अडकला तर दिवस वाया त्यांचा जातोय. चहा पाजा, बसा. निम्मं धरण त्यांच्या डोक्यात हाय.

खानापूरचा_वाघ · ८ ऑक्टोबर

एवढी भानगड कशाला, कुणीतरी चार-पाचशे बासची पिल्लं आणून सोडा की धरणात. दोन वर्षांत इथंच अमेरिका.

मत्स्यशास्त्र_शिकतेय · ८ ऑक्टोबर

वाघ, हे गमतीतही नको. जपानमध्ये १९२५ साली बास बाहेरून आणून आशी तलावात सोडला. तिथून तो इतका पसरला की २००५ पासून तो पाळायला आणि सोडायला कायद्यानं बंदी आहे. बिवा तलावात २००९ मध्ये जागतिक विक्रमाच्या बरोबरीचा बास मिळाला हे खरं, पण स्थानिक माशांनी त्याची मोठी किंमत मोजलीय. आणि लांब कशाला जायचं? धागाकर्त्याच्या गळाला लागलेली चिलापी आपली आहे का? मोझांबिक चिलापी भारतात १९५२ मध्ये आणली. आता असं तळं दाखवा जिथं ती नाही.

दादा, एक गोष्ट तुम्हाला व्हिडिओत दिसली असेल. खोलातून काढलेल्या बासचं पोट फुगतं आणि सुई टोचून हवा काढतात. ते इथं करू नका. बासची हवेची पिशवी बंद असते, दाब कमी झाला की आतली हवा फुगते आणि तिला वाट मिळत नाही. शिवडा, रोहू, कटला यांच्या पिशवीची नळी घशाला जोडलेली असते, ते हवा स्वतःच सोडतात. सुई टोचाल तर मासा हकनाक मरेल.

शिवडा धोक्यातल्या जातींच्या जागतिक (आययूसीएनच्या) यादीत आता 'असुरक्षित' वर्गात आहे. खाण्यापुरता एक ठीक, बाकीचे सोडलेत तर बरं. पावसाच्या सुरुवातीला चढणीला लागलेल्या, पोटात अंडी असलेल्या मादीला तर हातच लावू नका. मरळीचंही तेच. वर लालसर पिल्लांचा घोळका दिसला की खाली आई-बाप राखणीला असतात. तिथं बेडूक टाकला तर ती हल्ला करणारच. त्यात कसली आली शिकार.

जुना_साचा · ९ ऑक्टोबर

उद्यमबागेतलाच मीही. अरे, फौंड्रीतला माणूस जिगहेड विकत आणतो? लाकडी फळीत किंवा पीओपीत साचा कर, शिसं ओत, गळ आधीच बसव. साचा कोरडा खडखडीत पाहिजे, ओल राहिली तर शिसं तोंडावर उडतं, हे तुला सांगायला नको. घरच्या स्वयंपाकघरात मात्र अजिबात नको, शिशाचा धूर पोरांच्या अंगात जातो. बाहेर, वाऱ्यावर.

लुअर अडकला तर गॅरेजमधून जुना स्पार्क प्लग आण, पिन लावून दोऱ्यावरून सोड. तो घसरत जाऊन लुअरला ठोकतो, बऱ्याचदा गळ सुटतो. उंचावर उभा असलास तरच, सपाट काठावरून तो मध्येच थांबतो. आणि ते तीनधारी गळ काढून एकेरी लाव. रबरी लुअर असेल तर गळाचं टोक त्याच्या अंगातच लपव, टेक्सास रिगसारखं. निम्मं नुकसान तिथंच थांबेल.

घटप्रभा_काठ · ९ ऑक्टोबर

साच्याचं निघालंच आहे तर: पहिले दोन रविवार गळच लावू नका. नुसतं शिसं फेका, मोजा, ओढा. गाळात ते जड आणि मऊ येतं, मुरमावर कुरकुरतं, दगडावर टकटक हाताला लागते. वहीत लिहा. काठावरच्या कुठल्या झाडाच्या रोखानं फेकलं तेही.

पण खरा तळ बघायचा असेल तर मे महिन्यात या. अमेरिकेतला माणूस हजारो डॉलरचा पडदा लावून जे बघतो ते आपलं धरण दरवर्षी फुकट उघडून दाखवतं. हुन्नूरचं विठ्ठलाचं देऊळ पाण्याबाहेर येतं तेव्हा सगळे देवळाचे फोटो काढतात. तुम्ही देवळाकडे पाठ करून बांध, विहिरी, जुना रस्ता, बाभळीची खोडं यांचे काढा. फोनवर ठिकाण नोंदवून ठेवा. तोवर उपग्रहाच्या नकाशातली जुन्या उन्हाळ्यांची चित्रं बघा, बरंच दिसतं.

उद्यमबाग_ते_हिडकल · २ डिसेंबर

छोटा अहवाल. गेल्या महिन्यात चार वेळा जाऊन आलो. जाळीवाल्या एका अण्णांबरोबर चहा झाला. माझं कन्नड आणि त्यांचं मराठी दोन्ही तोडकं, तरी त्यांनी हातानं हवेत जुन्या नदीचं वळण काढून दाखवलं. टोकावर उभा राहून समांतर फेकतोय. लुअर फक्त दोन गेले. परवा सूर्य बुडाल्यावर व्हायबवर शिवडा लागला, दीडेक किलोचा. मोजलेला आकडा अकरा. फोटो काढेपर्यंत हात थरथरत होते, आलाय तो नुसता अंधार. सोडून दिला. घरी कुणाचाच विश्वास बसलेला नाही.

उद्यमबाग_ते_हिडकल · १७ मे

धागा वर काढतोय.

काल हिडकलला गेलो, गळ न घेता, पाण्याची बाटली आणि दोरी घेऊन. ज्या जागी पाच रविवार उभा होतो तिथून चालत खाली उतरलो. भेगाळलेल्या गाळात एक बाभळीचं खोड, आणि त्याच्यावर आपले चार क्रँकबेट, ख्रिसमसच्या झाडावर लटकावेत तसे. शेजारी कुणा दुसऱ्याचे दोन. गळ गंजलेत, रंग शाबूत.

काठाच्या दगडांवर भरल्या पाण्याची पांढरी रेघ उमटलेली आहे, तिथपर्यंत दोरी धरून मोजलं. खोड नऊ फुटांवर. मी समजत होतो वीस फुटांवर मासेमारी चाललीय.

त्याच्या पलीकडे शेताचा बांध आहे, बांध संपतो तिथं दगडानं बांधलेली गोल विहीर, निम्मी गाळानं भरलेली. एका बाजूचे दगड ढासळून आत चांगली माणूस वाकून जाईल एवढी कपार झालीय. माझ्या टोकापासून समांतर फेकलं तर बरोबर फेकीच्या टप्प्यात. सगळ्याचे फोटो काढलेत, नोंदी केल्यात. रात्री अपलोड करतो.

निपाणीचा_मामा · १७ मे

बाभळीचा टाका. हिरीचा टाकू नगा. मला तेवढा खासगीत पाठवा.