गजकर्ण, चिखल्या आणि पाचटाचे ओरखडे: एकच ट्यूब चालेल का?

बांधकरी (पलूस): घरातले दोघे रात्री उसाला दारं धरतात, पाय तासन्‌तास चिखलात. बोटांच्या बेचक्यात चिखल्या, जांघेत गजकर्ण, हातावर पाचटाचे ओरखडे आणि त्यातल्या एकावर पिवळी खपली. मेडिकलमधून आणलेल्या ट्यूबवर क्लोबेटासॉल, ऑफ्लोक्सासिन, ऑर्निडाझोल, टर्बिनाफिन अशी चार नावं आहेत. लावली की खाज बसते, थांबवली की दुप्पट पसरतं.

औषधवाला (मिरज): ती ट्यूब आधी बंद करा. क्लोबेटासॉल हे फार जोरकस स्टिरॉइड. लाली आणि खाज दाबली जाते, बुरशी मात्र आतून वाढत राहते. जांघेतली कातडी पातळ, तिथे ते जास्त मुरतं आणि पडलेले पांढरे चट्टे-रेघा जात नाहीत. २०१८ पासून अशी क्रीम चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, पण काउंटरवर काय चालतं ते आपण बघतोच. बंद केल्यावर काही दिवस खाज उसळेल, त्याला घाबरून पुन्हा लावू नका.

त्याऐवजी बुरशीवरचा एकच घटक असलेलं क्रीम घ्या: क्लोट्रिमाझोल १% दिवसातून दोनदा, किंवा लुलिकोनाझोल १% एकदा. नाव नीट वाचून घ्या. क्लोबेटासॉल आणि क्लोट्रिमाझोल कानाला जवळचे वाटतात, काम मात्र उलटं. कातडी कोरडी करून डागाच्या कडेबाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत लावा. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ओढलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. डाग गेल्यावरही दोन आठवडे चालू ठेवा, बहुतेकांचं इथेच बिनसतं. खूप पसरलं असेल किंवा तीन-चार आठवड्यांत फरक नसेल तर त्वचारोगतज्ज्ञ. तेव्हा गोळ्या लागतात.

ड्रेसिंगवाली (सातारा): ओरखड्यांचं मी सांगते. स्वच्छ ओरखड्याला अँटिबायोटिक क्रीम लागतच नाही. वाहतं पाणी, साबण, वर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर आणि पट्टी, बस. निओमायसिन या अँटिबायोटिकची पावडर भुरभुरू नका, अनेकांना त्याची ॲलर्जी येते. हळद, चुना, तंबाखूही नको.

पिवळी खपली म्हणजे जंतू लागलेत. कोमट पाण्याच्या फडक्याने भिजवून हलकेच काढा, मग म्युपिरोसिन २% हे जंतूंवरचं मलम दिवसातून तीनदा, पाच दिवस. एक-दोनच जागा असतील तरच हे घरी. ताप, वर सरकणारी लाल रेघ, वाढती सूज दिसली तर थेट दवाखाना. धनुर्वाताच्या इंजेक्शनची तारीखही बघून घ्या.

औषधवाला (मिरज): चिखल्यांना क्रीम गजकर्णाचंच, पण ओल्या बेचक्यात ते टिकत नाही. शेतातून आल्यावर पाय धुऊन बेचकी वेगळ्या फडक्याने टिपा. गमबूट रात्री उलटे टांगा, मोजे रोज बदला. आणि चड्डीच्या आधी मोजे घाला, नाहीतर पायाची बुरशी कापडावरून जांघेत जाते. दोघांचे टॉवेल वेगळे, औषध मात्र दोघांना एकाच वेळी.

बांधकरी (पलूस): एकाला साखर आहे, औषध चालू.

ड्रेसिंगवाली (सातारा): मग त्यांच्या चिखल्या या आठवड्यातच डॉक्टरांना दाखवा, क्रीमची वाट बघू नका. बेचक्यातली भेग हीच जंतूंची वाट, आणि साखरेत पायाला दुखलेलं कळत नाही. रोज रात्री कुणीतरी दोन्ही तळवे बघायचे, आरसा ठेवून त्यांनी स्वतः पाहिलं तरी चालेल.