कॅम्पसच्या इंटरव्ह्यूत कोडी विचारतात, पाठ करून जाऊ का?

कृष्णाकाठ:
दादा-ताई, मी सांगलीत इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढच्या महिन्यात पुण्याची एक कंपनी येतेय. सीनियर म्हणतात, टेक्निकल राउंडला २५ घोड्यांचं कोडं हमखास असतं. मला ऐनवेळी काही सुचत नाही. उत्तरं पाठ करू का?

हडपसरकर:
पाठ करू नकोस रे. मी इंटरव्ह्यू घेते, पाठ केलेलं लगेच कळतं.

घोड्यांचंच घे. २५ घोडे, एका वेळी ५ धावणार, घड्याळ नाही, कमीत कमी शर्यतींत सगळ्यांत वेगवान तीन शोधायचे. पाठ केलेला मुलगा '७ शर्यती' म्हणून मोकळा होतो. सातवीत कोण धावणार विचारलं की गप्प! पाच गटांच्या पाच शर्यती, मग पाच विजेत्यांची सहावी. तिथला पहिला तो सगळ्यांत वेगवान, त्याला परत पळवायचं कारण नाही. उरलेल्या दोन जागांना दावेदार पाचच: त्याच्या गटातले दुसरा नि तिसरा, सहावीत दुसरा आलेला, त्याच्या गटातला दुसरा आणि सहावीत तिसरा आलेला. बाकी प्रत्येकाच्या पुढे तीन घोडे आहेतच, ते बाद. हे 'बाद का' मोठ्याने बोलत जा. मध्येच अडकलास तरी समोरच्याला धागा देता येतो.

मला स्वतःला ही पद्धत मुळीच पटत नाही. गूगलच्या मनुष्यबळ विभागाचे तेव्हाचे प्रमुख लाझ्लो बॉक यांनी २०१३ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ला सांगितलं होतं की असली कोडी म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय, त्यावरून पुढचं काहीच कळत नाही. मी बग, म्हणजे चूक, असलेला छोटा प्रोग्रॅम देते. मुलगा एरर नीट वाचतो की दिसेल ती ओळ बदलत सुटतो, हे दहा मिनिटांत दिसतं. आमचं रोजचं काम तेच असतं.

टेस्टिंगवाला:
ताई, पटतं. पण कॅम्पसला एका दिवसात ढीगभर मुलं आणि सगळ्यांचे प्रोजेक्ट सारखेच. म्हणून पॅनेलवाले कोड्याकडे वळतात.

हडपसरकर:
मग सगळ्यांना तोच प्रोग्रॅम द्या ना! कोडं आधी ऐकलेल्याला फुकटचे मार्क मिळतात आणि गावाकडच्या कॉलेजातलं पोर मागे पडतं. याचा मला खरंच राग येतो.

कृष्णाकाठ:
ताई, मोठ्याने विचार मराठीत केला तर चालेल? इंग्रजीत बोलायला लागलो की डोकंच बंद पडतं.

हडपसरकर:
सुरुवातीलाच विचारून घे. मी तरी हो म्हणते. नाही म्हणाले तर कागद माग, पाच ओळींत घोडे मांड आणि बाद होतील तसे खोडत जा. आज रात्रीच रूममेटला समोर बसवून करून बघ.