शनिवारी क्लबहाउसमध्ये लॅन पार्टी: परवानगी मिळेल का?

ओंकार, ए-२०१: नमस्कार 🙏 येत्या शनिवारी क्लबहाउस मोकळं आहे का? दुपारी ३ ते रात्री ११. आम्ही आठ जण आपापले कॉम्प्युटर खाली आणून लॅन पार्टी करायची म्हणतोय. जे भाडं असेल ते भरू.

कुलकर्णी काका, ए-१०१: पार्टी म्हणजे? डीजे वगैरे असेल तर माझा विरोध आत्ताच नोंदवून घ्या.

ओंकार: नाही हो काका. सगळे कॉम्प्युटर वायरींनी एकमेकांना जोडायचे आणि एकत्र गेम खेळायचे, बास.

कुलकर्णी काका: अरे, घरोघरी वायफाय आहे. रोज आपापल्या खोलीत बसून खेळताच ना? रात्री दीडला आमच्या डोक्यावर "मार, मार त्याला" चालू असतं. मग ती जड धुडं खाली उतरवायची हौस कशाला?

सेक्रेटरी: मध्येच सांगतो, उद्या टँकर ९ वाजता येईल. सी विंगसमोरच्या गाड्या काढून ठेवा.

मंदार, सी-३०२: काका, याचं उत्तर मी देतो. २००४-०५ च्या सुमारास आमच्या होस्टेलला इंटरनेट नावापुरतंच होतं, पण लॅन होती. परीक्षा संपली की एज ऑफ एम्पायर्स २ सुरू, म्हणजे शहर वसवून दुसऱ्याचं पाडायचा लढाईचा गेम. चार विरुद्ध चार. त्यात आकडा टाइप केला की सगळ्यांना आवाज ऐकू जातो. ३ टाकला की अन्नाची मागणी, ३० टाकला की गेममधल्या भिक्षूचा "वोलोलो" मंत्र, ११ टाकला की खदाखदा हसणं. एखाद्याचं शहर जळायला लागलं की समोरचे चौघं एकदम ११ दाबायचे, आणि तो बिचारा त्याच खोलीत, तीन फुटांवर, तोंड पाडून बसलेला. घरून खेळणारा हरला की "नेट गेलं" म्हणून गायब होतो. इथे त्याला चहा आणायला पिटाळतात.

काउंटर स्ट्राइक १.६ या गोळीबाराच्या गेमची तर वेगळीच मजा. त्यातल्या डस्ट २ नावाच्या मॅपवर "लाँगला दोघं!" (लांबच्या वाटेवर शत्रूचे दोघं) असं ओरडलं की ते विरोधी टीमलाही ऐकू जायचं. म्हणून मग मुद्दाम खोटं ओरडायचं, आणि आपलाच भिडू फसून भलतीकडे पळायचा. दुसऱ्याच्या स्क्रीनमध्ये डोकावणाऱ्याला उशी फेकून मारायची हा आमचा नियम.

ओंकार: दादा 😂 आमच्यात अजूनही उशीच आहे. आणि लॅनवर पिंग, म्हणजे सिग्नल जाऊन यायचा वेळ, एक-दोन मिलिसेकंद, त्यामुळे हरल्यावर नेटवर खापर फोडायची सोय नाही.

प्रशांत, बी-६०२: कामानिमित्त स्वीडनला होतो तेव्हा ड्रीमहॅक ही तिथली प्रचंड मोठी लॅन पार्टी बघून आलोय. १९९४ मध्ये मालुंग नावाच्या गावात शाळेच्या तळघरात पोरांनी सुरू केलेला हा प्रकार. मी गेलो तेव्हा भलामोठा हॉल भरून लोक घरचे कॉम्प्युटर घेऊन आले होते आणि टेबलाखाली स्लीपिंग बॅग टाकून झोपले होते. आपली पोरं फक्त क्लबहाउस मागतायत, देऊन टाका.

स्नेहा, सी-५०१: माझा मुलगा ११ वर्षांचा आहे आणि सकाळपासून मागे लागलाय. पण गोळ्या घालण्याचा गेम त्याने खेळावा असं मला वाटत नाही.

ओंकार: ताई, बरोबर आहे. दुपारी ३ ते ६ फक्त एज ऑफ एम्पायर्स ठेवतो, लहान मुलं आळीपाळीने बसतील. काउंटर स्ट्राइक ८ नंतर, मोठ्यांसाठी.

देशपांडे काकू, बी-२०४: मी जन्मभर वायरिंगची ड्रॉइंग तपासली आहेत, म्हणून विचारते. लोड किती?

ओंकार: मॉनिटर धरून प्रत्येकी जास्तीत जास्त ४०० वॉट.

देशपांडे काकू: म्हणजे ३,२०० वॉट. २३० व्होल्टला १४ अँपिअर. क्लबहाउसच्या खिडकीकडची सगळी सॉकेट एकाच १६ अँपिअरच्या एमसीबीवर (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आहेत. त्यात कोणी चहाची किटली लावली की एमसीबी पडलाच समजा. चार कॉम्प्युटर खिडकीकडे, चार स्टेजकडे. किटली पँट्रीत. एक्स्टेंशनला एक्स्टेंशन जोडलेलं दिसलं तर मी स्वतः येऊन मेन बंद करीन.

ओंकार: काकू, मान्य. तुम्ही ५ वाजता एकदा बघून जाल का?

देशपांडे काकू: येते. बटाटेवडे असतील तर लवकर येते.

खजिनदार: क्लबहाउसला सबमीटर आहे. आधीचं आणि नंतरचं रीडिंग लिहून घ्या. आठही कॉम्प्युटर आठ तास पूर्ण ताकदीने चालले तरी २५-२६ युनिट होतात, तेवढे कॉमन मीटरच्या दराने लावू. एसी लावलात तर त्याचे वेगळे मोजावे लागतील.

कुलकर्णी काका: माझी अट एकच. १० नंतर स्पीकर बंद, हेडफोन लावा. ओरडणंसुद्धा बेताचं.

मंदार: काका, ओरडणं बेताचं झालं तर घरीच खेळलेलं काय वाईट? १० नंतर दारं-खिडक्या लावून घेऊ.

कुलकर्णी काका: ठीक आहे. निदान त्या दिवशी माझ्या डोक्यावर तरी शांतता असेल.

सेक्रेटरी: परवानगी दिली. रात्री ११ ला चावी वॉचमनकडे.

ओंकार: सगळ्यांचे आभार 🙏 जे येणार आहेत त्यांनी गेमचं एकच व्हर्जन टाकून आणा, नाहीतर पहिला तास त्यातच जातो. कोणाचा कॉम्प्युटर बाकीच्यांना दिसत नसेल तर आधी फायरवॉल (बाहेरचं कनेक्शन अडवणारं सेटिंग) बघा. आयपी, म्हणजे प्रत्येक कॉम्प्युटरचा नेटवर्कवरचा नंबर, मी देतो, १९२.१६८.१.११ पासून पुढे. सगळ्या केबल जिथे जोडायच्या तो स्विच आठ पोर्टचा आहे, त्यामुळे नवव्याने आयत्या वेळी येऊ नये. दोन केबल कमी पडतायत, केबलला कनेक्टर बसवायची क्रिंपिंगची पक्कड कोणाकडे आहे?

मंदार: माझ्याकडे आहे. केबलमधल्या वायरींच्या रंगांचा क्रम विसरला नाहीस ना? नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, चॉकलेटी-पांढरी, चॉकलेटी. दोन्ही टोकांना हाच क्रम. शुक्रवारी जेवण झाल्यावर वर ये, आणि येताना कनेक्टर चार-पाच जास्तच आण, एकदोन वाया जातातच.