नेट तुटलं की मशीनच्या नोंदी गायब

प्रश्न: वेर्ण्यातल्या कारखान्यात १२ पॅकिंग मशीनच्या पीएलसीची (मशीन चालवणाऱ्या छोट्या नियंत्रक संगणकाची) रीडिंग थेट क्लाउडवरच्या डेटाबेसात जातात. पावसात नेट गेलं की मधल्या नोंदी हरवतात. काय बदलावं?

उत्तर: थेट लिहिणं बंद करा. प्लांटमध्येच यूपीएसवर गेटवे पीसी, म्हणजे मशीन आणि क्लाउड यांच्यामधला संगणक, ठेवा. नोंद आधी तिथल्या एसक्यूलाइटमध्ये (एका फाइलीत मावणारा छोटा डेटाबेस), मग एमक्यूटीटीने (ब्रोकर नावाच्या मधल्या सर्व्हरमार्फत मेसेज पोचवायची पद्धत) क्यूओएस १ वर, म्हणजे पोचपावती येईपर्यंत पुन्हा पाठवत, पुढे. सेकंदाला मशीनमागे १०० बाइट धरले तरी दिवसाला जेमतेम १०४ एमबी. मेमरी कार्ड मात्र नको, सततच्या लिहिण्याने खराब होतं, एसएसडी घ्या.

उत्तर: क्यूओएस १ मध्ये तोच मेसेज दोनदा येऊ शकतो, मोजणी फुगते. डेटाबेसात मशीन क्रमांक आणि नोंदीचा अनुक्रमांक मिळून युनिक की लावाच, म्हणजे तीच जोडी दुसऱ्यांदा साठवली जाणार नाही. वेळही गेटवेवरच नोंदवा, नाहीतर नेट आल्यावर चार तासांचं उत्पादन एका मिनिटात झालेलं दिसेल.

प्रश्नकर्ता: ब्रोकरची पोचपावती आली की स्थानिक नोंद पुसू का?

उत्तर: नको. ती पावती फक्त ब्रोकरपर्यंतची. डेटाबेसात गेल्याची खात्री झाल्यावरच पुसा.