मदत हवी आहे: ग्लायोब्लास्टोमात (मेंदूच्या कर्करोगात) टी पेशी (रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशी) सापडतच नाहीत

प्रकल्प_सांगली: तीन नमुने झाले, सीडी३ आणि सीडी८ (टी पेशींच्या खुणेची प्रथिनं) जवळपास शून्य. फ्लोवर (पेशी मोजायच्या फ्लो सायटोमीटरवर) नुसता कचरा. ट्यूमर टी पेशी मारून टाकतो म्हणून का? शुक्रवारी गाईडना ग्राफ दाखवायचाय, लवकर सांगा.

मिरज_जंक्शन: नमुना गाठीचा की रक्ताचा? पेशी सुट्या करायला एन्झाइम कुठलं? पेशंट डेक्सामेथासोन या स्टेरॉइडवर होता का? काहीच लिहिलं नाहीये.

पीडी१_प्रेमी: एवढ्या चौकशा कशाला? ट्यूमरवरचं पीडी-एल१ प्रथिन टी पेशीच्या पीडी-१ला (तिच्या ब्रेकला) चिकटलं की ती गपगार. पीडी-एल१ स्टेन करा, म्हणजे रंगवून बघा.

घाटमाथा: गपगार पेशीवरही सीडी३ असतंच की! सगळं पीडी-१वरच अडलं असतं तर चेकमेट-१४३ चाचणीत निवोलुमॅब (पीडी-१ रोखणारं औषध) चाललं असतं. ३६९ पेशंट, मध्यक आयुष्य ९.८ महिने, तुलनेच्या बेव्हॅसिझुमॅब औषधावर १०. इथे टी पेशी गाठीपर्यंत पोचतातच कमी. त्यांच्यावरचा एस१पी१ रिसेप्टर (बाहेर पडायला लागणारं प्रथिन) आत ओढला जातो, मग त्या अस्थिमज्जेतच अडकून पडतात. पोचलेल्यांना टीजीएफ-बीटा हे प्रथिन दाबतं. उरतात मायक्रोग्लिया आणि मॅक्रोफेज (भक्षक पेशी), तेही फितूर झालेले.

प्रकल्प_सांगली: गाठीचा. ट्रिप्सिन, ३७ अंशांवर ४५ मिनिटं, मग ३०% परकॉल (घनतेनुसार थर वेगळे करणारं द्रावण). स्टेरॉइडचं विचारलं नाही.

मिरज_जंक्शन: विचारा, डोससकट. डेक्सामुळे लिम्फोसाइट उतरतात. ट्रिप्सिन पृष्ठभागावरची प्रथिनंच कापतं. कोलॅजिनेज (कोलॅजन तोडणारं एन्झाइम) आणि डीएनेज (डीएनए तोडणारं) घ्या. डीएनेज नसलं तर फुटलेल्या पेशींच्या डीएनएने शेंबडासारखा गोळा होतो. परकॉलनंतर कुठला थर उचलला?

प्रकल्प_सांगली: वरचा पांढरा.

मिरज_जंक्शन: अहो, तो मायलिन, चेतातंतूंवरचं चरबीचं वेष्टण! सायीसारखा वर तरंगतो. नुसत्या ३०%मध्ये पेशी तळाला बसतात. सेंट्रिफ्यूज ५०० जी, २० मिनिटं, ब्रेक बंद. साय आधी ओढून टाका, टिप बदला, मग खाली जा. सीडी३चं प्रमाण सीडी४५ (पांढऱ्या पेशींची खूण) असलेल्या पेशींतून काढा, एकूण पेशींतून नको.

हळद_पेठ: सांगलीत राहून हळदीतलं कर्क्युमिन नाही वापरलं?

घाटमाथा: प्रश्न काय, उत्तर काय! आतड्यातून धड शोषलं जात नाही ते, मेंदूपर्यंत काय पोचणार?

पीडी१_प्रेमी: तरी पीडी-एल१ स्टेन कराच.

प्रकल्प_सांगली: तळाचं फेकून दिलं 😭 एक तुकडा उणे ८०ला आहे. तो चालेल?

मिरज_जंक्शन: डीएमएसओशिवाय (गोठवताना पेशी वाचवणाऱ्या द्रवाशिवाय) तसाच गोठवला असेल तर फ्लोला नाही, बर्फाने पेशी फुटल्या असणार. क्रायोस्टॅटवर (गोठलेल्या तुकड्याचे काप करायच्या यंत्रावर) काप काढा आणि सीडी८ स्टेन करा. आधी रक्तवाहिन्यांभोवती बघा, टी पेशी असल्या तर बहुतेक तिथेच दिसतील.